वळवाचा पाऊस, वीज आणि उघड्यावरील माणूस : धोक्याचे स्वरूप व निवाऱ्याचा प्रश्न

बीजसंज्ञा : वळीव, मेघगर्जना, वीज, भूप्रवाह, निवारा, पूर्वसूचना.

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या पठारी प्रदेशात चैत्र-वैशाखाच्या उन्हाने तापलेल्या दुपारी आभाळ भरून येते, धुळीचे लोट उठतात आणि तासाभरात वळवाचा पाऊस कोसळून मोकळा होतो. उन्हाने हैराण झालेल्या माणसाला या पावसाचे मोठे अप्रूप असते. मराठी साहित्यात वळवाचे वर्णन बहुधा मातीच्या गंधाच्या आणि क्षणिक गारव्याच्या अंगानेच झालेले आढळते. मात्र ज्याचे दिवसभराचे काम उघड्या शिवारात चालते, त्याच्या दृष्टीने हाच मेघ वर्षातील सर्वांत धोकादायक घटकांपैकी एक असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अपघाती मृत्यूविषयक अहवालानुसार २०२१ साली देशात वीज पडून २,८८० व २०२२ साली २,८८७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. नैसर्गिक कारणांनी झालेल्या एकूण मृत्यूंमध्ये या मृत्यूंचा वाटा २०२१ साली सुमारे ४० टक्के, तर २०२२ साली सुमारे ३६ टक्के होता. पूर, भूकंप वा चक्रीवादळ यांची जशी चर्चा होते तशी विजेची होत नाही, कारण वीज एका वेळी एकदोघांचाच बळी घेते. हे मृत्यू वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर विखुरलेले राहतात आणि त्यांची बेरीज वर्षअखेरीसच समोर येते.

प्रस्तुत लेखात वळवाच्या मेघाची निर्मिती, वीज माणसापर्यंत पोहोचण्याचे मार्ग, त्याविषयीच्या लोकसमजुती आणि उघड्यावर सापडलेल्या माणसासमोरील प्रत्यक्ष पर्याय यांचा विचार केला आहे. हा धोका टाळण्यात 'वीज कोठे पडेल' या प्रश्नापेक्षा 'निवारा किती दूर आहे आणि निर्णय केव्हा घेतला' हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो, असे या विवेचनातून मांडावयाचे आहे.

वळवाच्या मेघाची निर्मिती

मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या काळात दख्खनच्या पठारावरील जमीन अतिशय तापते. जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाऊ लागते. याच सुमारास उत्तरेकडून व वायव्येकडून येणारे कोरडे वारे आणि समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे एकमेकांना भेटतात. जेथे त्यांची गाठ पडते तेथे हवेचे ऊर्ध्व प्रवाह अधिक जोर धरतात. वर जाणारी हवा थंड होते, बाष्पाचे जलबिंदू होतात, बाष्प गोठताना व सांद्रीभूत होताना बाहेर पडणारी उष्णता प्रवाहाला आणखी वर ढकलते आणि बघता बघता दहा-पंधरा किलोमीटर उंचीचा मेघ उभा राहतो. त्याचा माथा वातावरणाच्या वरच्या स्थिर थराला टेकून ऐरणीसारखा पसरतो.

या मेघांना दुपार उलटल्यावरची वेळ मानवते, कारण तोपर्यंत जमिनीने दिवसभराची उष्णता साठविलेली असते. म्हणूनच दुपारी तीन ते सायंकाळी सातच्या दरम्यान विजांचा धोका बहुधा सर्वाधिक असतो. नेमक्या याच वेळी उन्हे कलल्यामुळे शेतकरी व मजूर पुन्हा कामाला लागलेले असतात, गुरे चरत असतात आणि शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर खेळ सुरू झालेले असतात.

विद्युत्भार व विजेची वाट

मेघाच्या मध्यभागी शून्याखालील तापमानात बर्फाचे बारीक स्फटिक, अतिशीत जलबिंदू आणि मऊ गारा एकत्र असतात. ऊर्ध्व प्रवाहात हे कण एकमेकांवर आदळतात. टकरीत हलके स्फटिक धनभारित होऊन वर जातात, तर जड गारा ऋणभार घेऊन मध्य व खालच्या भागात राहतात. मेघाच्या खालच्या भागातील ऋणभारामुळे त्याखालील जमिनीवर धनभार एकवटतो. हा ताण हवेला सोसवेनासा झाला की विद्युत्पात होतो. बहुसंख्य विजा मेघातच चमकतात आणि थोड्या जमिनीवर येतात.

जमिनीकडे येणारी वीज एका झेपेत येत नाही. सुमारे पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी, फाटे फोडीत तिची अंधूक अग्रशाखा खाली सरकते. ती जमिनीपासून काही दशक मीटर अंतरावर आली की झाड, खांब, घराचा कोपरा किंवा उभा माणूस यांतून तिच्याकडे वर झेपावणाऱ्या ठिणग्या निघतात. त्यांपैकी जी प्रथम भेटते तिच्याद्वारे वाट पूर्ण होते आणि सरासरी तीस हजार अँपिअरच्या आसपासचा प्रवाह धावतो. त्या वाटेवरील हवेचे तापमान क्षणमात्र सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे सूर्यपृष्ठाच्या सुमारे पाचपट होते. एकाएकी प्रसरण पावलेल्या या हवेचा आवाज म्हणजे गडगडाट.

या वर्णनातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. वीज कोठे पडावी हे मेघात ठरत नसून, ते तिच्या प्रवासाच्या शेवटच्या काही दशक मीटरांत ठरते. त्यामुळे आसपासच्या परिसरात जे उंच, एकटे आणि टोकदार असेल त्यावर वीज पडण्याची शक्यता वाढते. सपाट, नांगरलेल्या रानात उभा राहिलेला माणूस हाच अनेकदा त्या परिसरातील सर्वांत उंच बिंदू असतो.

विजेचे हे विद्युत्स्वरूप अठराव्या शतकात सिद्ध झाले, तेव्हाच तिच्या धोक्याची किंमतही मोजावी लागली. मे १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुचविलेला प्रयोग फ्रान्समध्ये यशस्वी झाला. त्यानंतर ऑगस्ट १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे गेऑर्ग रिखमान हे शास्त्रज्ञ असाच प्रयोग करीत असताना विजेच्या आघाताने मृत्यू पावले.

वीज माणसापर्यंत पोहोचण्याचे मार्ग

'अंगावर वीज पडली' असा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. प्रत्यक्षात थेट आघाताने होणाऱ्या इजांचे प्रमाण अल्प आहे. मेरी ॲन कूपर व रोनाल्ड होले या अभ्यासकांनी विजेच्या इजांचे पाच प्रकार व त्यांचे अंदाजे प्रमाण दिले आहे. त्यानुसार थेट आघात ३ ते ५ टक्के, विजेचा आघात झालेल्या वस्तूला स्पर्श असल्याने होणारी इजा ३ ते ५ टक्के, जवळच्या वस्तूवरून माणसावर उडी घेणारा पार्श्वझोत ३० ते ३५ टक्के, जमिनीतून पसरणारा भूप्रवाह ५० ते ५५ टक्के आणि शरीरातून वर निघणारी, पण मुख्य विजेला न भेटलेली ठिणगी १० ते १५ टक्के, असे हे विभाजन आहे.

झाडाखालचा आसरा घातक का ठरतो, याचे उत्तर या विभाजनात आहे. बांधावरच्या एकट्या लिंबाखाली किंवा चिंचेखाली पाच-सहा जण उभे असता वीज झाडावर पडते. प्रवाह खोडावरून उतरताना त्याला खोडापेक्षा मानवी शरीर सोपी वाट वाटते, कारण शरीरात क्षारयुक्त द्रव असतो. म्हणून तो झाडावरून माणसावर उडी घेतो. जो उरतो तो मुळांशी पोहोचून जमिनीत चहूकडे पसरतो. केंद्रापासून दूर जाताना जमिनीतील विद्युत्दाब घटत जातो. त्यामुळे दोन पायांमध्ये जितके अंतर अधिक तितका त्यांच्यामधील दाबातील फरकही अधिक, आणि एका पायाने शिरून दुसऱ्या पायाने बाहेर पडणारा प्रवाहही अधिक.

चार पायांच्या जनावरांना हा धोका जास्त असतो. पुढच्या व मागच्या पायांतील अंतर मोठे असल्याने प्रवाह थेट छातीतून, हृदयाजवळून जातो. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेतील हार्डांगरविडा पठारावर एकाच वेळी ३२३ रेनडिअर मृत आढळले, त्याचे कारण हा भूप्रवाहच मानले गेले. आपल्याकडे झाडाखाली बांधलेली बैलजोडी किंवा एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या शेळ्या एकाच विजेने दगावतात, त्यामागेही हीच प्रक्रिया असते.

लोकसमजुती आणि त्यांचे परिणाम

विजेविषयी मराठी समाजात अनेक समजुती रूढ आहेत. पायाळू माणसावर, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या व्यक्तीवर, वीज पडते ही त्यांतील सर्वांत दृढ समजूत होय. तिला शास्त्रीय आधार नाही. तिचे नुकसान मात्र दुहेरी आहे. पायाळू व्यक्तीला विनाकारण भीती व दूषण सहन करावे लागते, आणि जो पायाळू नाही तो स्वतःला निर्धास्त समजतो.

अंगावरील दागिने, हातातील विळा वा मोबाइल फोन वीज ओढून घेतात, ही दुसरी समजूत. अनेक किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या विजेला हातभर लांबीच्या लोखंडाचे आकर्षण नसते. धातू त्वचेला टेकलेला असल्यास भाजण्याचे प्रमाण वाढते, तसेच खांद्यावर उभे धरलेले फावडे किंवा उघडलेली छत्री माणसाची उंची वाढविते, एवढाच त्यांचा संबंध आहे. मोबाइल फोन वीज आकर्षित करीत नाही. तारेने जोडलेला दूरध्वनी, प्रभारणाला लावलेले उपकरण, नळ व विजेची जोडणी यांतून मात्र घरातही प्रवाह पोहोचू शकतो. हा भेद न कळल्याने अनेक जण शिवारात मोबाइल बंद करून ठेवतात आणि धोक्याची सूचना मिळण्याचे साधनच गमावतात.

एकदा वीज पडलेल्या जागी ती पुन्हा पडत नाही, हा समजही चुकीचा आहे. उंच मनोरे व डोंगरमाथे यांवर ती वारंवार पडते. जयपूरजवळील आमेर किल्ल्यासमोरच्या टेकडीवरील मनोऱ्यावर ११ जुलै २०२१ रोजी पाऊस पाहण्यासाठी जमलेल्या किमान ११ जणांचा वीज पडून मृत्यू झाला. सह्याद्रीतील गडमाथे, बुरूज व लोखंडी कठडे यांच्या बाबतीतही धोक्याचे स्वरूप हेच आहे.

विजा चमकू लागल्या की अर्जुनाची नावे घेण्याची प्रथा घराघरांत होती. भेदरलेल्या मनाला धीर देण्याचे तिचे कार्य नाकारता येणार नाही. परंतु लखलखाट आणि गडगडाट यांमधील तो अवधी स्मरणाइतकाच मोजणीसाठीही उपयोगी आहे.

अंतराचे आणि वेळेचे गणित

प्रकाश तत्क्षणी दिसतो, पण ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. वीज दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागल्यास विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हा अवधी तीस सेकंद वा त्याहून कमी असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची वीज ऐकणाऱ्याच्या परिसरात पडू शकते. म्हणून तीस सेकंदांच्या आत निवारा गाठण्यास निघावे व शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये, असा संकेत रूढ झाला. पुढे तो अधिक सोपा करण्यात आला : गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ आपण विजेच्या टप्प्यात आहोत.

हा संकेत शहरी मैदानाला चपखल लागू पडतो, कारण तेथे पक्की इमारत दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर असते. शिवाराचे गणित वेगळे आहे. शेत गावापासून दोन किलोमीटर असेल तर चालत जाण्यास पंचवीस ते तीस मिनिटे लागतात, आणि सोबत मुले, म्हातारी माणसे वा गुरे असल्यास त्याहून अधिक. दहा किलोमीटरवरील मेघ ताशी चाळीस किलोमीटर वेगाने येत असेल, तर तो पंधरा मिनिटांत डोक्यावर येतो. म्हणजेच पहिला गडगडाट ऐकून निघालेला शेतकरी घर गाठण्याच्या अर्ध्या वाटेवर, अगदी मोकळ्या जागी, वादळात सापडतो. त्याने आळस केला किंवा सूचनेकडे दुर्लक्ष केले असे नसते. त्याला मिळालेला अवधीच अपुरा असतो.

यात आणखी एक अडचण आहे. आभाळ भरून येते तेव्हा शेतकरी घराकडे न वळता शेताकडे धावतो. काढून ठेवलेला कांदा, वाळत घातलेली हळद, कडब्याची गंजी यांवर ताडपत्री टाकणे त्याला भाग असते, कारण अर्ध्या तासाच्या पावसात हंगामाची कमाई जाऊ शकते. विदर्भात तेंदूपाने गोळा करणारे मजूर याच दिवसांत जंगलात असतात. 'घराबाहेर पडू नका' ही सूचना त्यांच्या कानांवर पडत नाही असे नव्हे. ती पाळल्यास होणारे नुकसान कोण भरून देणार, हा त्यांचा प्रश्न आहे.

निवारा म्हणजे काय

पाऊस अडविणारे प्रत्येक छप्पर विजेपासून संरक्षण देत नाही. ज्या पक्क्या इमारतीत वीजजोडणी व नळजोडणी आहे तेथे प्रवाह भिंतींतील तारा व नळांवाटे जमिनीत जाण्याची शक्यता मोठी असते. बंद दारांचे व धातूच्या टपाचे वाहन, उदाहरणार्थ मोटार किंवा एसटी बस, हाही चांगला निवारा आहे. येथे संरक्षण रबरी चाकांमुळे मिळत नाही. प्रवाह धातूच्या बाह्य कवचावरून वाहून जातो म्हणून आतील माणूस वाचतो. हे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये प्रयोगाने दाखविले. उघडा ट्रॅक्टर, दुचाकी, बैलगाडी, शेतातील मचाण, ऊसतोड मजुरांची कोपी व चार खांबांवरचा पत्रा हे या अर्थाने निवारे नव्हेत.

कोणताही निवारा आवाक्यात नसेल तर धोका कमी करता येतो, नाहीसा करता येत नाही. उंचवटा, एकटे झाड, विजेचा खांब, तारेचे कुंपण, विहीर व तळे यांपासून दूर जावे. दाट झाडी असल्यास त्यातील उंच झाड टाळून ठेंगण्या झाडांच्या परिसरात, खोडांपासून दूर थांबावे. गटातील माणसांनी एकमेकांत किमान पंधरा मीटर अंतर ठेवावे, म्हणजे एकाच विजेने सारे जखमी होणार नाहीत व मदतीला कोणी तरी उरेल. जमिनीवर आडवे पडू नये आणि पाय जुळवून ठेवावेत. दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसण्याचा सल्ला आपल्याकडील माहितीपत्रकांत अग्रस्थानी असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने मात्र तो मागे घेतला, कारण त्याने मिळणारे संरक्षण नगण्य असून तो वाचून माणूस निवाऱ्याकडे निघण्यास उशीर करतो. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. त्या देशात १९४३ साली विजेने ४३२ मृत्यू झाले होते, तर अलीकडे ही संख्या बहुतेक वर्षी तीसच्या आत असते. या घटीत शेतीवर उघड्यावर काम करणाऱ्यांची घटलेली संख्या, पक्की घरे आणि बंद वाहने यांचा वाटा मोठा आहे.

आघातानंतरची पहिली मिनिटे

विजेचा आघात झालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के जगतात. मृत्यूचे मुख्य कारण हृदयक्रिया व श्वसन बंद पडणे हे असते. आघात झालेल्या व्यक्तीच्या शरीरात वीज शिल्लक राहत नाही, त्यामुळे तिला तत्काळ स्पर्श करता येतो. हे ठाऊक नसल्याने भोवतालची माणसे हात लावण्यास कचरतात आणि मोलाची मिनिटे वाया जातात. अनेक जण जखमी असल्यास, इतर अपघातांच्या उलट, निपचित पडलेल्याकडे आधी धाव घ्यावी. कण्हणारा बहुधा वाचणार असतो. निपचित पडलेल्याची छाती लयबद्ध दाबणे व कृत्रिम श्वास देणे ताबडतोब सुरू झाले तर तोही वाचू शकतो. हृदय कधी कधी आपोआप सुरू होते, पण श्वसन उशिरा सुरू होते, म्हणून कृत्रिम श्वासाला येथे विशेष महत्त्व आहे. सोबत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. देशाच्या काही भागांत अशा व्यक्तीला शेणात पुरून ठेवण्याचा प्रकार केला जातो. त्याने उपचाराची वेळ निघून जाते आणि जखमांत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

पूर्वसूचना, साहाय्य आणि महाविद्यालयांची भूमिका

भारतीय हवामानशास्त्र विभाग पुढील तीन तासांसाठी जिल्हानिहाय तात्कालिक इशारे देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे उपयोजन वापरकर्त्याच्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांची माहिती देते. मृत्यूनंतर वारसांना आपत्ती निधीतून ४ लाख रुपयांचे साहाय्य दिले जाते, तर शेतकऱ्यांसाठीच्या अपघात अनुदान योजनेतही विजेने झालेल्या मृत्यूचा समावेश आहे. अशा प्रकारे सूचना देणारी व्यवस्था आहे आणि मृत्यूनंतरची मदतही आहे. या दोहोंच्या मधला दुवा, म्हणजे सूचना मिळाल्यावर पंधरा मिनिटांत गाठता येईल अशी जागा, बहुतेक शिवारांत नाही.

येथे महाविद्यालयांना करण्यासारखे काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एखाद्या गावाच्या शिवाराचा नकाशा करून प्रत्येक वस्तीपासून पक्क्या निवाऱ्याचे अंतर मिनिटांत नोंदविता येईल. भूगोल विभागाला हे सहज जमणारे आहे. अशा नकाशावरून वीज अटकाव यंत्रणा कोठे बसवावी किंवा पक्की खोली कोठे बांधावी, याबाबत ग्रामपंचायतीला ठोस सूचना करता येईल. महाविद्यालयाच्या स्वतःच्या मैदानावर सामना कोणी व केव्हा थांबवावा, क्षेत्रभेटीतून केव्हा परतावे, याचा लेखी नियम असणे हे तर त्याहून जवळचे व बिनखर्चाचे काम आहे.

निष्कर्ष

१. वळवाच्या विजेने होणाऱ्या इजांत थेट आघातापेक्षा भूप्रवाह व पार्श्वझोत यांचा वाटा फार मोठा असल्याने झाडाखाली आसरा घेणे हा सर्वांत टाळण्याजोगा धोका आहे.

२. गडगडाट ऐकून निघण्याचा नियम निवारा जवळ असेल तरच पुरेसा आहे. शेत दूर असणाऱ्याने निघण्याचा निर्णय आभाळाचा रंग आणि तात्कालिक इशारा पाहून, गडगडाटाआधी घेणे आवश्यक आहे.

३. ताडपत्री टाकण्यासारखी कामे दुपारच्या जेवणापूर्वीच उरकण्याची सवय, इशाऱ्याच्या दिवशी तरी, जीव वाचवू शकते. त्यासाठी तो इशारा सकाळीच गावात पोहोचला पाहिजे.

४. आघातानंतर निपचित पडलेल्या व्यक्तीला हात लावणे सुरक्षित आहे, एवढी एक गोष्ट सर्वांना कळली तरी काही मृत्यू टळतील.

५. जनजागृतीची पत्रके व भ्रमणध्वनीवरील सूचना यांना शिवारातील निवाऱ्याची जोड मिळाल्याशिवाय मृत्यूंच्या आकड्यात लक्षणीय घट अपेक्षिता येणार नाही.